‘मावळा’ : व्युत्पत्ती आणि अर्थपरिवर्तन

१

मराठीतील व्यवसायवाचक शब्दांचा विचार करताना सुतार, कुंभार, सोनार यांसारख्या शब्दांकडे अभ्यासकाचे लक्ष प्रथम जाते. या शब्दांत कामाचे नाव किंवा कामाचा पदार्थ उघड दिसतो आणि संस्कृतातील मूळ रूपही सहज हाती लागते. ‘मावळा’ हा शब्द या वर्गातील नाही. त्यात कोणत्याही कामाचे नाव नाही, शस्त्राचे नाही, हुद्द्याचेही नाही. असे असूनही आज हा शब्द उच्चारताच ऐकणाऱ्याच्या मनात एका विशिष्ट कामाचा माणूस उभा राहतो: ढाल-तलवार घेतलेला, डोंगर चढणारा, छत्रपती शिवाजी महाराजांचा पायदळ सैनिक. प्रदेशाच्या नावावरून सिद्ध झालेला शब्द व्यवसायाचा वाचक कसा झाला आणि पुढे व्यवसायही मागे पडून केवळ आदराचा वाचक कसा उरला, हा शब्दार्थविचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाची चर्चा बहुधा दोन प्रकारे होते. इतिहासाचे लेखक शब्दाचा अर्थ गृहीत धरून पुढे जातात. व्युत्पत्तीचे हौशी अभ्यासक ध्वनिसाम्यावर भिस्त ठेवून ‘मावळणे’ या क्रियापदाशी किंवा हिंदीतील ‘मवाली’ या शब्दाशी त्याचे नाते जोडतात. पहिल्या प्रकारात शब्दाला इतिहास उरत नाही. दुसऱ्या प्रकारात त्याला भलताच इतिहास मिळतो. म्हणून शब्दाचे मूळ, त्याची घडण आणि त्याचे अर्थ या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करून तपासणे आवश्यक आहे.

२

‘मावळा’ हा ‘मावळ’ या प्रदेशनामापासून झाला, याविषयी मतभेद नाही. मतभेद आहे तो ‘मावळ’ या नावाविषयी. सर्वांत लोकप्रिय व्युत्पत्ती अशी की, जिकडे सूर्य मावळतो तो प्रदेश म्हणजे मावळ. पुण्याहून पाहता सह्याद्रीची रांग पश्चिमेस येते आणि सूर्य तिच्याआड जातो, त्यामुळे ही व्युत्पत्ती ऐकणाऱ्यास तत्काळ पटते. परंतु पटणे हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे.

या मताविरुद्ध पहिली शंका रूपाची आहे. ‘मावळणे’ या क्रियापदावरून पश्चिम दिशेचा वाचक शब्द मराठीत सिद्ध झालेला आहे, आणि तो ‘मावळत’ किंवा ‘मावळती’ असा आहे. ‘उगवत-मावळत’ ही जोडी सर्वपरिचित आहे. दिशेवरून प्रदेशाचे नाव पडले असते तर ‘मावळतीचा मुलूख’ अशा घडणीची अपेक्षा करणे योग्य ठरले असते. अर्थात ‘धावणे’पासून ‘धाव’, ‘चढणे’पासून ‘चढ’ अशी नामे होतात, म्हणून केवळ या शंकेवर मत खोडता येणार नाही. दुसरी शंका दृष्टिकोनाची आहे. मावळ हे पश्चिमेस आहे ते पुणेकराच्या. कोकणातून पाहणाऱ्यास ते पूर्वेस आहे आणि तेथेच राहणाऱ्यास ते कोणत्याच दिशेस नाही. बाहेरच्यांनी दिलेले नाव स्थानिक लोक स्वीकारतात हे खरे. परंतु तसे घडल्याचे वेगळे प्रमाण दाखवावे लागते.

या सर्व तर्काचा निर्णय लावणारा पुरावा मावळातच, लोणावळ्याच्या पूर्वेस अवघ्या काही मैलांवर, कार्ल्याच्या डोंगरात कोरलेला आहे. कार्ल्याच्या लेण्यांचे प्राचीन नाव ‘वलूरक’. तेथील भिक्षूंच्या निर्वाहासाठी नहपानाचा जावई उषवदात याने करजिक नावाचे गाव दिल्याचा लेख चैत्यगृहात आहे. पुढे सातवाहनांची सत्ता या भागात पुन्हा प्रस्थापित झाल्यावर त्याच भिक्षुसंघास करजक गाव देण्याविषयीची राजाज्ञा कोरली गेली. ही आज्ञा ‘मामाल’ येथील अमात्यास उद्देशून आहे, आणि गावाचे स्थान सांगताना ‘मामालाहार’ या विभागाचा निर्देश केलेला आहे. ‘आहार’ म्हणजे प्रशासकीय विभाग. नाशिकच्या लेखांतील ‘गोवधनाहार’ हा त्याचाच सजातीय शब्द होय. म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत आजच्या मावळ तालुक्याच्या भूमीवरच ‘मामाल’ हे विभागनाम राजव्यवहारात रूढ होते.

‘मामाल’ पासून ‘मावळ’ हे रूप येण्यास ध्वनिनियमांचा भक्कम आधार आहे. दोन स्वरांमधील ‘म’चा मराठीत ‘व’ होतो: ग्राम–गाव, नाम–नाव. दोन स्वरांमधील ‘ल’चा ‘ळ’ होतो: फल–फळ, काल–काळ. हे दोन्ही बदल एकाच शब्दात घडल्याची उदाहरणेही विपुल आहेत: श्यामल–सावळा, कोमल–कोवळा, आमलक–आवळा. ‘मामाल–मावळ’ ही जोडी या मालिकेत कोणताही अपवाद न करता बसते. अडचण एकच निघू शकते: मधल्या ‘मा’तील दीर्घ स्वर ‘मावळ’ या रूपात ऱ्हस्व कसा झाला? अभ्यासकांच्या लेखनात या नावाची ‘मामल’ आणि ‘मामाल’ अशी दोन्ही रूपे आढळतात. ‘मामल’ हे रूप घेतल्यास अडचण उरतच नाही. ‘मामाल’ घेतले तरी ‘कुमार’पासून ‘कुंवर’ हे रूप होताना ‘म’पुढील दीर्घ ‘आ’ असाच ऱ्हस्व झालेला दिसतो. तेव्हा या कारणासाठी व्युत्पत्ती नाकारण्याचे प्रयोजन नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘मावळणे’ या क्रियापदाशी जोडलेली व्युत्पत्ती ही लोकव्युत्पत्ती होय. ज्या नावाचा अर्थ बोलणाऱ्यांस कळेनासा झाला, त्या नावाला त्यांनी आपल्या परिचयाच्या शब्दाच्या आधारे नवा अर्थ दिला. लोकव्युत्पत्तीला अभ्यासात स्थान आहे, पण ते समाजाने नावाकडे कसे पाहिले याचे साधन म्हणून. नाव कसे झाले याचे साधन म्हणून नव्हे.

याच परिसरातील दुसरे एक नाव या भेदाची आठवण करून देते. ‘लोणावळा’ हा शब्द ‘लेणे’ आणि ‘आवळी’ म्हणजे ओळ यांपासून झाला, म्हणून त्याचा अर्थ लेण्यांची ओळ, असे सर्रास सांगितले जाते. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी जवळ असल्याने हा अर्थ मनोहर वाटतो. परंतु ‘लेणे’ हा शब्द मराठीत ‘ए’कारासह जिवंत असताना, त्याच्या शेजारीच त्या ‘ए’चा ‘ओ’ का व्हावा, याचे उत्तर या व्युत्पत्तीत नाही. ‘मामाल’सारखे जुने लेखी रूप जेथे उपलब्ध आहे तेथे निर्णय देता येतो, जेथे नाही तेथे अर्थाच्या सोयीवर विसंबून निर्णय देणे अभ्यासाच्या शिस्तीस धरून नाही. दोन नावे एकाच तालुक्यातील असली तरी त्यांच्या व्युत्पत्तींची प्रमाणता सारखी नाही.

३

आता ‘मावळा’ या रूपाची घडण. संस्कृतातील स्वार्थी किंवा संबंधदर्शक ‘क’ प्रत्यय प्राकृतात लोप पावून मराठीत ‘आ’कारान्त रूपे सिद्ध झाली: घोटक–घोडा, आमलक–आवळा. ‘मावळ’ आणि ‘मावळा’ यांचा संबंधही असाच आहे. मात्र हे रूप मुळात नाम नसून विशेषण आहे, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. जुन्या गद्यात ‘मावळे लोक’ असा प्रयोग येतो. तेथे ‘मावळे’ हे ‘लोक’ या विशेष्यास अनुसरून विकार पावलेले विशेषण आहे. पुढे विशेष्य गळून विशेषणच नाम बनले. ‘मावळे लोक’ म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात प्रदेश असतो. नुसते ‘मावळे’ म्हणताना प्रदेश मागे सरकून माणसाचा प्रकार पुढे येतो. अर्थपरिवर्तनाची वाट अशा व्याकरणिक बदलानेच मोकळी होते. ‘मावळी’ हे दुसरे विशेषण मात्र प्रदेशापुरतेच राहिले. मावळी मुलूख, मावळी बोली या प्रयोगांत सैनिकाचा अर्थ कधी शिरला नाही.

येथे एका समरूप शब्दाचा उलगडा करणे युक्त ठरेल. मराठीच्या काही बोलींत आत्येला ‘मावळण’ म्हणतात. या शब्दाचा मावळ प्रदेशाशी काही संबंध नाही. त्याचे मूळ संस्कृत ‘मातुलानी’, म्हणजे मामाची पत्नी, हे असावे. स्वरांमधील ‘त’ लोपून आणि ‘ल’चा ‘ळ’ होऊन ‘मावळण’ हे रूप सहज येते. मामाच्या घरी सोयरीक करण्याची चाल असलेल्या समाजात मामाची पत्नी आणि आत्या ही एकच व्यक्ती असू शकते, हे लक्षात घेतल्यास अर्थाचे अंतरही तुटते. ‘मामाल’ आणि ‘मातुल’ हे दोन स्वतंत्र शब्द ध्वनिपरिवर्तनाच्या ओघात ‘मावळ-’ या एकाच रूपाशी येऊन ठेपले. रूप एक झाले म्हणून शब्द एक होत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

४

प्रदेशवाचक विशेषण व्यवसायवाचक कसे झाले, याचे उत्तर प्रदेशाच्या रचनेत आणि तेथील शेतीच्या वर्षक्रमात शोधावे लागते. सह्याद्रीच्या धारेपासून पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांची खोरी म्हणजे मावळे. आजच्या मावळ तालुक्यात अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ अशी नावे प्रचारात आहेत. दक्षिणेकडे गुंजण मावळ, हिरडस मावळ अशी नावे येतात, तर त्यांच्याच जोडीने मुठे खोरे, मोसे खोरे, रोहिड खोरे अशीही नावे चालतात. ‘मावळ’ आणि ‘खोरे’ हे शब्द असे एकमेकांच्या जागी येऊ लागले, याचा अर्थ ‘मावळ’ हे विशेषनाम शिवकालापर्यंत सामान्यनाम बनले होते. ‘बारा मावळे’ हा प्रयोगही त्याच स्थितीचा निदर्शक आहे. विशेषनामाचे अनेकवचन होत नाही.

या खोऱ्यांत पाऊस अतोनात. लोणावळ्यास वर्षाकाठी सरासरी ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुण्यास त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. पीक मुख्यतः भाताचे, आणि उतारावर नाचणी-वरईचे. उन्हाळ्यात राब भाजायचा, आषाढात लावणी करायची, कार्तिकाच्या सुमारास कापणी करायची, आणि मग उतारावरच्या हलक्या जमिनीत रब्बीचे पीक फारसे नाही. देशावरच्या कुणब्यास ज्या महिन्यांत ज्वारी-गव्हाची राखण असते, त्या महिन्यांत मावळातील माणसाचे हात मोकळे असत. डोंगर चढण्या-उतरण्याचा सराव त्याला जन्मापासूनचा. भातावर वर्ष निघत नसल्याने दुसऱ्या उत्पन्नाची निकड होती, आणि ते उत्पन्न देणारी चाकरी लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना यांसारख्या घराशेजारच्या किल्ल्यांवर उपलब्ध होती. कुणबी, कोळी आणि इतर अनेक जातींचे लोक या चाकरीत येत. म्हणजे ‘मावळा’ या शब्दाचा व्यवसायवाचक अर्थ जातीतून आलेला नाही. तो भूमीतून आणि ऋतुक्रमातून आलेला आहे. बलुतेदारांच्या व्यवसायनामांहून हा शब्द वेगळा ठरतो तो येथेच.

परंतु हा अर्थ कधीच अधिकृत नव्हता, ही बाब सहसा कोणी ध्यानात घेत नाही. शिवकालीन पायदळाच्या रचनेत नाईक, हवालदार, जुमलेदार, हजारी आणि सरनोबत हे हुद्दे होते. पायदळास ‘हशम’ हा अरबी मूळचा शब्द रूढ होता. सामान्य पायदळ शिपायासाठी मराठीचा जुना शब्द ‘पाईक’ हा होता. लोणावळ्याजवळ उगम पावणाऱ्या इंद्रायणीच्याच काठी, देहूस, तुकाराम महाराजांनी जे अभंग रचले त्यांत ‘पाईकाचे अभंग’ म्हणून ओळखला जाणारा एक गट आहे. मावळच्या उंबरठ्यावर राहणाऱ्या, शिवाजी महाराजांच्या समकालीन असलेल्या या कवीस शिपायाचे रूपक करताना ‘पाईक’ हा शब्द जवळचा वाटला. त्या काळी सैनिकाचा सर्वसाधारण वाचक ‘पाईक’ हाच होता, याचा हा पुरावा होय.

मग ‘मावळे’ हा शब्द कोठे येतो? १६९७ च्या सुमारास जिंजी येथे कृष्णाजी अनंत सभासद याने लिहिलेल्या बखरीत तानाजी मालुसरे याचा निर्देश मावळे लोकांचा हजारी असा येतो. हा प्रयोग बारकाईने पाहण्याजोगा आहे. ‘हजारी’ हा हुद्दा आहे. ‘मावळे लोक’ हे त्या हुद्द्याखालील दलाचे वर्णन आहे. परंपरेनुसार तानाजीचे गाव उमरठे हे पोलादपूरजवळचे, म्हणजे कोकणातील. नायक कोठलाही असो, दल मावळ्यांचे म्हणून ओळखले जात होते. भरतीच्या प्रदेशावरून दलास नाव मिळाले आणि दलावरून त्यातील प्रत्येक शिपायास. याच न्यायाने कोकणातील पायदळास ‘हेटकरी’ हे नाव पडले. ‘हेट’ म्हणजे खालचा भाग, घाटाखालचा मुलूख. ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात पायदळाचे हेच दोन वर्ग सांगितले आहेत: घाटमाथ्यावरचे मावळे आणि कोकणातील हेटकरी. दोन्ही शब्द प्रदेशाचे, दोन्ही शब्द पेशाचे; परंतु एक आज प्रत्येकाच्या ओठी आहे आणि दुसरा इतिहासाच्या अभ्यासकांपुरता उरला आहे. शब्दाचे भाग्य त्याच्या अर्थावर अवलंबून नसते, हे येथे दिसून येते.

५

प्रदेशनामावरून सैनिकाचे नाव पडण्याची ही प्रक्रिया मराठीपुरती मर्यादित नाही. नेपाळातील गोरखा या राज्याच्या नावावरून ‘गुरखा’ हा शब्द सैनिकाचा वाचक झाला. १८१५ पासून इंग्रजांनी त्या भागातून भरती सुरू केल्यावर तो पलटणींचे नाव बनला. आणि पुढे मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत त्याला रात्रीचा पहारेकरी एवढाच अर्थ उरला. फ्रेंच भाषेत ‘स्विस’ या अर्थाचा शब्द स्वित्झर्लंडच्या भाडोत्री सैनिकांवरून दाराशी उभ्या राहणाऱ्या द्वारपालास लागू झाला. या दोन्ही उदाहरणांत क्रम एकच आहे: देश, सैनिक, पहारेकरी. शब्द पायरीपायरीने खाली उतरला. यास अर्थापकर्ष म्हणतात.

मराठ्यांच्या लष्करी परिभाषेतील इतर शब्दांचीही गत अशीच झाली. सरकारी घोड्यावर चाकरी करणाऱ्या स्वारास ‘बारगीर’ म्हणत. १७४१ ते १७५१ या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या, आणि बंगालीत ‘बर्गी’ हा शब्द मुलांना भीती घालण्याचा शब्द बनला. ‘गारदी’ हे कवायती शिपायाचे साधे नाव. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाल्यावर त्या शब्दास जो डाग लागला तो पुसला गेला नाही. या पार्श्वभूमीवर ‘मावळा’ हा शब्द अपवादात्मक आहे. शिपायाच्या बहुतेक नावांचा अपकर्ष होत असता या एका नावाचा उत्कर्ष झाला. तो आपोआप झाला नाही. कसा झाला हे पुढे पाहावयाचे आहे.

६

तत्पूर्वी ‘मवाली’ या शब्दाचा निकाल लावला पाहिजे. गुंड, उनाड या अर्थी वापरला जाणारा हा शब्द ‘मावळी’चा अपभ्रंश आहे, शत्रूंनी मावळ्यांना दिलेली ती शिवी आहे, असे मत अधूनमधून मांडले जाते. त्यामागे दुखावलेला अभिमान आहे, आणि म्हणून ते वेगाने पसरते. पण भाषेच्या कसोटीवर ते टिकत नाही.

अरबीत ‘मौला’ या शब्दाचे अनेकवचन ‘मवाली’ असे होते. आश्रित, मुक्त केलेले दास, अनुयायी हा त्याचा अर्थ. फारसी-उर्दूत ‘अहाली-मवाली’ ही जोडी थोरामोठ्यांभोवतीच्या परिवारासाठी, लव्याजम्यासाठी रूढ आहे. परिवार, मग मागे फिरणारे रिकामटेकडे, मग उनाड आणि गुंड, हा अर्थक्रम सहज समजण्यासारखा आहे. उलट ‘मावळी’पासून ‘मवाली’ होण्यासाठी पहिल्या अक्षरातील दीर्घ स्वर ऱ्हस्व आणि दुसऱ्यातील ऱ्हस्व स्वर दीर्घ व्हावा लागतो. हिंदीस मराठी ‘ळ’ उच्चारता येत नाही, म्हणून ‘ल’ होणे समजू शकते. पण ‘मावली’ हे रूप हिंदीस मुळीच अवघड नसता ते सोडून स्वरांची अशी अदलाबदल करण्याचे कारण नाही.

मग हा भ्रम उद्भवला कोठून? त्याचे एक कारण रोमन लिपीत असावे. त्या लिपीतील प्रचलित लेखनात ‘अ’ आणि ‘आ’ यांचा भेद दाखवला जात नाही, ‘ल’ आणि ‘ळ’ यांचाही नाही. ‘मावळी’ हे रूप असे रोमन अक्षरांत लिहिले की ‘मावळी’, ‘मावली’ आणि ‘मवाली’ ही तीन रूपे कागदावर एकसारखी दिसू लागतात. देवनागरीत आणि कानाला जे शब्द स्पष्टपणे भिन्न आहेत, ते परकीय लिपीत एक होतात आणि तेथून पुन्हा एकरूप होऊन परततात. व्युत्पत्ती तपासताना शब्दाचे रूप मूळ लिपीतून घ्यावे, हा प्राथमिक नियम येथे मोडला गेला आहे.

७

‘मावळा’ शब्दाच्या उत्कर्षाची कथा मुख्यतः एकोणिसाव्या-विसाव्या शतकांची आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपली, आणि मावळातील माणसाची शिपाईगिरी सरली. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे सुरू झाली. पुणे-मुंबई हे अंतर दिवसावर आले. कार्तिकानंतर जे हात पूर्वी गडाकडे वळत, ते आता मुंबईकडे वळले. तेथे त्यांना जे नाव मिळाले ते ‘मावळा’ हे नव्हते. घाटावरून आलेला तो ‘घाटी’. आणि या शब्दात अंगमेहनतीचे काम व कमी लेखणे या दोन्ही छटा एकत्र आल्या. १८९० च्या सुमारास मुंबईत जेवणाचे डबे पोचविण्याचा व्यवसाय सुरू झाला. त्यात मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतील लोकांचा भरणा राहिला आणि ‘डबेवाला’ हे नवे व्यवसायनाम रूढ झाले. ऋतुक्रम तोच, भूमी तीच, माणसेही त्याच खोऱ्यांतली. पण शब्द बदलला.

याच काळात मुद्रित वाङ्मयात ‘मावळा’ हा शब्द उंचावत होता. जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवरील पवाडा प्रसिद्ध केला. १९०३ मध्ये ह. ना. आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी आली. शिवचरित्राचे लेखन, उत्सव, नाटके आणि शालेय पुस्तके यांतून मावळा हा निष्ठेचा आणि साध्या शौर्याचा प्रतिनिधी ठरला. यात हेटकरी मावळ्यात विलीन झाला, किल्ल्यावरचा गडकरी विलीन झाला, कधी कधी घोडेस्वारही विलीन झाला. सैन्यातील एका दलाचे नाव सबंध सैन्याचे नाव बनले. हा अर्थविस्तार होय. पण त्याबरोबरच शब्दातील प्रदेश पुसला गेला, हा अर्थसंकोचही होय. आज महाराष्ट्राच्या कोणत्याही जिल्ह्यातील मनुष्य स्वतःला शिवरायांचा मावळा म्हणवतो. ‘पाईक’ शब्दाचेही असेच झाले. ‘विचारांचा पाईक’ म्हणताना पायी चालणारा शिपाई कोणालाच आठवत नाही.

शब्द पुन्हा एकदा आपल्या भूमीवर परत आल्याचा प्रसंग १९२१ चा. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी मुळशी पेट्यातील भातखाचरे पाण्याखाली जाणार हे स्पष्ट झाल्यावर त्या वर्षीच्या रामनवमीस सत्याग्रहास प्रारंभ झाला. पां. म. बापट यांस ‘सेनापती’ ही उपाधी लाभली ती याच लढ्यातून. त्या काळच्या लेखनात मुळशीच्या शेतकऱ्यांचा उल्लेख ‘मावळे’ म्हणून केला गेला. येथे शब्दाचे तीनही थर एकत्र आले: ते मावळचे रहिवासी होते, भात पिकवणारे शेतकरी होते, आणि लढणारे होते. शब्दास ऐतिहासिक आदर होता म्हणून तो वापरला गेला, आणि तो भूमीने खरा होता म्हणून शोभला. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला, धरण झाले, जमिनी बुडाल्या.

यानंतर नव्वद वर्षांनी, ९ ऑगस्ट २०११ रोजी, पवना धरणाच्या बंद जलवाहिनीस विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर बऊर येथे गोळीबार होऊन तिघांचा मृत्यू झाला. ही घटना ‘मावळ गोळीबार’ या नावाने ओळखली जाते. प्रदेशाचे नाव त्या शब्दप्रयोगात आहे. माणसांचे नाव मात्र ‘शेतकरी’ असे राहिले. १९२१ मध्ये जो शब्द मुळशीच्या शेतकऱ्यास सहज लागू पडला, तो २०११ मध्ये पवन मावळच्या शेतकऱ्यासाठी रूढ झाला नाही. त्या नव्वद वर्षांत शब्दाची प्रतिष्ठा घटली नव्हती, उलट कितीतरी वाढली होती. परंतु ज्यांच्या भूमीवरून आणि ज्यांच्या पायांवर तो उभा राहिला, त्यांच्यापासून तो तुटला होता. केवळ प्रतिष्ठेच्या मापाने पाहिल्यास हा अर्थोत्कर्ष आहे. बोलणाऱ्या समाजाच्या बाजूने पाहिल्यास ही हानी आहे. शब्दार्थविचाराच्या पाठ्यपुस्तकांत अर्थाचा उत्कर्ष आणि अपकर्ष यांची मांडणी करताना ही दुसरी बाजू बहुधा सुटते.

८

या विवेचनातून कोशरचनेसाठी काही निष्कर्ष निघतात. ‘मावळ’ या नोंदीखाली कार्ले येथील ‘मामाल’ व ‘मामालाहार’ ही रूपे मूळ म्हणून द्यावीत आणि ‘मावळणे’ या क्रियापदाशी जोडलेला संबंध लोकव्युत्पत्ती म्हणून वेगळा नोंदवावा. ‘मावळा’ या नोंदीखाली अर्थ कालक्रमाने मांडावेत: प्रथम मावळ प्रदेशाचा, हा विशेषणाचा अर्थ, नंतर त्या प्रदेशातून भरती झालेला पायदळ शिपाई, नंतर शिवकालीन कोणताही सैनिक, आणि शेवटी निष्ठावंत अनुयायी. आज सर्वाधिक प्रचारात असलेला अर्थ प्रथम देण्याच्या सोयीपायी हा क्रम उलटा करू नये, कारण उलट्या क्रमात पहिला अर्थ शेवटचा ठरून हळूहळू गळून जातो. ‘मावळण’ आणि ‘मवाली’ यांना स्वतंत्र नोंदी असाव्यात, आणि त्यांचा ‘मावळा’शी संबंध नाही हे तेथेच नमूद करावे.

वेहेरगावच्या पायऱ्या चढून चैत्यगृहात गेलेल्या विद्यार्थ्यास या प्रदेशाच्या नावाचे सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचे रूप दगडात वाचता येते. त्या लेखात सैनिक नाही, गड नाही, पराक्रम नाही. एक विभाग आहे, एक गाव आहे आणि त्या गावाच्या उत्पन्नावर चालणारा भिक्षूंचा निर्वाह आहे. ‘मावळा’ या शब्दाच्या इतिहासाचा आरंभ तेथून होतो, पिकणाऱ्या जमिनीपासून. आणि त्याचा कोणताही अर्थ सांगताना हा आरंभ विसरून चालणार नाही.